कुलूपवाल्याच्या मुलाचं गणित

गटाची वही आपण लिहितो, व्याज काढतो. विजेचाही असाच हिशोब आहे, आणि तो इस्त्रीपासून शेतातल्या मोटारीपर्यंत कामाला येतो. आज त्याची गोष्ट ऐकू.

जर्मनीत एर्लांगेन नावाच्या गावी १७८९ साली गेऑर्ग ओम जन्मला. वडील कुलपं बनवायचे. शिक्षण बेताचं, पण स्वतः पुस्तकं वाचून त्यांनी मुलांना गणित शिकवलं. ओम पुढे शाळेत मास्तर झाला. कमीजास्त लांबीच्या तारा घेऊन त्यातून किती वीज जाते हे तो मोजत राहिला. १८२७ साली त्याने आपला नियम पुस्तकात मांडला. सुरुवातीला मायदेशात फारशी दाद मिळाली नाही. १८४१ साली मात्र लंडनच्या रॉयल सोसायटीने त्याला पदक दिलं.

नियम पाइपलाइनसारखा आहे. टाकी उंच तर पाण्याला जोर जास्त, तो जोर म्हणजे व्होल्ट. वाहणारं पाणी म्हणजे अँपिअर. पाइप बारीक असला की अडतं, तो अडथळा म्हणजे ओम. व्होल्टला अँपिअरने भागलं की ओम मिळतात. गुणलं की वॅट, म्हणजे विजेची ताकद.

समजा इस्त्री २३० व्होल्टवर ५ अँपिअर घेते. अडथळा ४६ ओम, ताकद ११५० वॅट. एक तास चालली तर सव्वा युनिटच्या आतच. आता व्होल्टेज १८० वर आलं. १८० भागिले ४६, म्हणजे ३.९ अँपिअर. ताकद उरली साधारण ७०० वॅट. व्होल्टेज पाव हिश्श्यानेही घटलं नाही, पण ताकद तिसऱ्या हिश्श्याहून जास्त गेली!

याच गणितावर आपल्या डोंगरातली वीज मुंबईला गेली. लोणावळ्याकडच्या तलावांचं पाणी घाटाखाली सोडून टाटांचं खोपोलीचं वीजघर १९१५ साली सुरू झालं. दाब दहापट वाढवला, तर तेवढ्याच ताकदीला प्रवाह दहावा हिस्सा पुरतो आणि तारेतली नासाडी शंभराव्या हिश्श्यावर येते. म्हणून वीज उंच दाबाने नेतात.

या विजेची किंमत नुसती युनिटात मोजता येत नाही. १९२१ साली मुळशीच्या धरणाविरुद्ध सेनापती बापटांसोबत मावळे शेतकरी उभे राहिले, त्यात बायकाही होत्या. धरण झालंच, जमिनी पाण्याखाली गेल्या. आपल्या तालुक्याला ज्या गावाचं नाव आहे, ते जुनं आंबेगावही पुढे डिंभे धरणात बुडालं.

मोटारीचं मात्र इस्त्रीसारखं नसतं. व्होल्टेज पडलं तरी तिला तेवढंच पाणी ओढायचं असतं. मग ती जास्त अँपिअर घेते, तापते आणि वायंडिंग जळतं. भरायला पैसे आपल्याच घरातून जातात, आणि पीक वाळतं ते वेगळंच.

म्हणून सख्यांनो, मोटारीच्या पाटीवरचे व्होल्ट आणि अँपिअर वहीत उतरवून ठेवा. स्टार्टरच्या पेटीवर मीटर असेल तर आठवडाभर तारीख, वेळ आणि आकडा लिहा. पेटी मात्र उघडू नका, ते वायरमनचं काम. मग चौघीजणी मिळून वीज कार्यालयात अर्ज द्या. ‘व्होल्टेज कमी येतं’ एवढंच म्हटलं तर ऐकून सोडून देतात. आठ दिवसांचे आकडे पुढे ठेवले, तर उत्तर द्यावं लागतं.