डावी गोगलगाय

गोगलगायीचा शंख टोक वर आणि तोंड आपल्याकडे करून धरल्यास बहुतेक जातींत ते तोंड उजवीकडे येते. सह्याद्रीत आढळणारी ‘एरिओफँटा लेव्हिपेस’ मात्र डावी आहे. (देवघरातील दुर्मीळ दक्षिणावर्ती शंखही शास्त्राच्या भाषेत डावाच!)

पिळाची दिशा आनुवंशिक असते. पण ती पिल्लाच्या नव्हे, तर त्याच्या आईच्या जनुकांवरून ठरते, हे तळ्यातील गोगलगायींवरील प्रयोगांतून १९२३ मध्ये उलगडले. गोगलगाय उभयलिंगी असल्याने येथे आई म्हणजे अंडी घालणारी.

पिळाबरोबर शरीररचनाही आरशातल्यासारखी उलटते. जननछिद्र दुसऱ्या बाजूला गेल्याने चपट्या शंखाच्या जातींत उजव्या-डाव्यांचे मीलन जवळजवळ अशक्य होते. उजव्यांत जन्मलेल्या एकट्या डावीचा वंश त्यामुळे सहसा खुंटतो. मग डाव्यांची अख्खी जात निर्माण होते कशी? जपानच्या दक्षिणेकडील बेटांवर एक उत्तर मिळाले. गोगलगायी खाणाऱ्या तेथील पॅरिअस सापाच्या जबड्यात उजवीकडे दात अधिक असतात. उजव्या गोगलगायीला तो सहज बाहेर ओढतो, डावीपुढे फसतो. साहजिकच अशा सापांच्या प्रदेशात डाव्या जाती अधिक आहेत. सह्याद्रीत पॅरिअस प्रजातीचे साप नाहीत. तेव्हा हे उत्तर आपल्या डाव्या गोगलगायीला जसेच्या तसे लावता येत नाही.