मोतीने गोळ्या खाल्ल्या, तेव्हा…

मागच्या पावसाळ्यात आमच्या मोतीने आजीची आयबुप्रोफेनची पट्टी फस्त केली. मी मिठाचं पाणी पाजायला धावलो. फोनवर डॉक्टर ओरडल्याच, "थांबा! मिठाने रक्तातलं सोडियम वाढेल, तेही जिवावर बेतेल. गोळी किती मिलिग्रॅमची? किती खाल्ल्या? कधी? वजन किती?"

नंतर मी इतिहास शोधला. 1869 मध्ये लंडनमध्ये मॅथिसेन आणि राइट यांनी मॉर्फिनपासून ॲपोमॉर्फिन बनवलं. कुत्र्याला उलटी करवायला पशुवैद्य ते आजही वापरतात. औषध मिळालं, पण उलटी करवायची की नाही, हे रात्री-बेरात्री विचारायचं कुणाला? 1978 मध्ये अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठात खास प्राण्यांसाठी विषबाधा केंद्र सुरू झालं. फोन करा, तज्ज्ञांना विचारा. 1996 पासून ते एएसपीसीए ही संस्था चालवते.

म्हणजे खरा शोध औषधाचा नाही, आधी विचारण्याचा! मोती वाचला, कारण रिकामी पट्टी माझ्या हातात होती आणि मी वाचून दाखवू शकलो. तुमच्या पशुवैद्याचा नंबर सेव्ह आहे ना? नसेल तर आत्ताच करा. भेटू पुढच्या भागात!