दांतांतील सिमेंट आणि निळा प्रकाश

बारामती-इंदापूरकडे चहा, हळद व मिश्री यांचे डाग दांतांस नवे नाहींत. प्रश्न आहे तो किडलेल्या दांतांत भरलेल्या, लोकभाषेंत ‘सिमेंट’ म्हणविणाऱ्या, पांढऱ्या राळेचा. अमेरिकेंतील राफेल बोवेन यांना १९६२ सालीं या राळेचें पेटंट मिळालें. आरंभीं दोन लगदे कालवून ती घट्ट करीत. परंतु त्यांतील अमाइन नामक द्रव्यामुळें ती कालांतरानें पिवळी पडे. १९७० नंतरच्या दशकांत प्रथम अतिनील व मागाहून निळ्या प्रकाशानें ती घट्ट करण्याची रीत आली. तींत अमाइन कमी लागल्यानें रंग अधिक टिकूं लागला. मात्र प्रकाश तळापर्यंत न पोंचल्यास राळ कच्ची राहते, पाणी शोषते आणि चहा-हळदीचा रंग धरते. यास्तव सामान्य राळेचा थर दोन मिलिमीटरांहून जाड नसावा व प्रत्येक थरास पुरेसा प्रकाश मिळावा, हा नियम ठरला. घाईनें वांचविलेले कांहीं क्षण रोग्याच्या हास्यांत पुढें वर्षानुवर्षें दिसत राहतात.