सायलेन्सरचा बोल्ट तुटला? गाडीखाली शिरण्याआधी हे वाचा

गाडी सुरू केली की खालून फटफट आवाज येतो, अ‍ॅक्सिलरेटर दाबला की तो वाढतो आणि खड्ड्यातून जाताना काहीतरी खडखडतं. अशा वेळी सायलेन्सरच गेला असं वाटतं. पण अनेकदा त्याला पुढच्या पाइपशी जोडणारा एखादा बोल्ट तुटलेला असतो. नवा बोल्ट स्वस्तात मिळतो. डोक्याला ताप होतो तो आत अडकलेल्या तुकड्याचा.

बोल्ट तुटतो का?

हा जोड रोज तापतो, रोज थंड होतो आणि पावसाळ्यात त्यावर चिखलपाणी उडत राहतं. गंजाला मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा लागते, म्हणून आटे जाम होतात. किनारपट्टीच्या खाऱ्या हवेत हे आणखी लवकर होतं. दुसरं कारण सहसा कुणी बघत नाही: सायलेन्सर पेलणारं रबर हँगर तुटलं की सगळं वजन बोल्टवर येतं. ते बदललं नाही तर नवा बोल्टही तुटणार.

नुसता आवाजच आहे, चालवू का?

फटीतून धुराबरोबर कार्बन मोनॉक्साइड बाहेर पडतो. त्याला रंग नसतो, वास नसतो. गाडीचा तळ गंजून भोक पडलं असेल तर तो आत येऊ शकतो. गाडीत डोकं दुखायला लागलं, मळमळलं तर गाडी थांबवा, बाहेर पडा. तारेने बांधलेला पाइप लोंबकळत नाही इतकंच; फट तशीच राहते.

तुकडा कसा काढतात?

गाडी पूर्ण थंड होऊ द्या. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीही जाऊ नका, स्टँड लावा.

बोल्ट आरपार जाऊन मागे नट असेल तर काम सोपं: कापा, ठोकून काढा, नवा नट-बोल्ट लावा. तुकडा आट्यांच्या भोकात असेल आणि थोडा बाहेर डोकावत असेल, तर गंज सोडवणारं तेल मारून रात्रभर ठेवा. मग हातोडीने हलके ठोके देऊन, लॉकिंग पकडीने पुढे-मागे करत फिरवा. एकाच दिशेने जोर लावला की उरलेलाही तुटतो.

तुकडा पृष्ठभागाशी सपाट तुटला असेल, तर गॅरेजमधली युक्ती भारी आहे. त्यावर नट ठेवून आतून वेल्डिंग करतात. उष्णतेने गंजाची पकड सुटते आणि पाना लावायला डोकंही मिळतं. मात्र मागचा सायलेन्सर बहुधा पेट्रोलच्या टाकीजवळ असतो, डिकीत सीएनजीचा सिलिंडरही असू शकतो. म्हणून वेल्डिंग किंवा ग्राइंडर घरी नकोच. वेल्डिंगआधी बॅटरीची निगेटिव्ह वायर काढलीय ना, हे विचारा.

शेवटचा उपाय ड्रिलचा. बरोबर मध्यावर पंच मारून बारीक बिटने सुरुवात करतात. उलट्या आट्यांचा एक्स्ट्रॅक्टर जपून वापरावा लागतो; तो आत मोडला तर इतका कडक असतो की साधं बिट त्यात शिरत नाही. आटे खराब झाले तर टॅप फिरवतात. ८ मिमीच्या नेहमीच्या बोल्टसाठी आधी ६.८ मिमीचं भोक लागतं.

नवा बोल्ट लावताना

मूळ बोल्टला स्प्रिंग असेल तर नवाही स्प्रिंगचाच घ्या. इंजिन हलतं तसा तो जोड थोडा हलणं गरजेचं असतं. साध्या बोल्टने आवळून टाकला तर पाइपला तडा जाऊ शकतो. गॅस्केट नवं टाका, आट्यांना कॉपर ग्रीस लावा. दोन-चार फेऱ्यांनंतर गाडी थंड असताना पाना लावून बोल्ट ढिला झालाय का ते बघा.