शेरखान मुरूडचा

चपला पडवीतच काढा, पण कुठे काढल्या ते ध्यानात ठेवा. मघापासून ढीग वाढतोच आहे. १९९३ मधला रविवार, सकाळची वेळ, गाव बोर्ली पंचतन. तुमचं वय आता दहा. आरशात बघत बसू नका, 'जंगल बुक' सुरू होईल.

आत शिरताच ऊब अंगावर येते. खोबरेल तेल, घाम, चुलीचा धूर, आणि मागीलदारी कोणीतरी सोडे भाजतंय. कुणाचं कोपर तुमच्या बरगडीत, तुमचा गुडघा कुणाच्या पाठीत. "ए, डोकं खाली घे!" ते तुम्हालाच. टीव्ही आखातातल्या नोकरीच्या पैशांचा. या घरची चाची त्याच्यावरचं भरतकामाचं कापड काढते, झटकते, सावकाश घडी घालते. पोरांचा जीव कासावीस.

पडद्यावर मुंग्या. कौलांवर चढलेला पोरगा अँटेना फिरवतोय.

"आलं का?"

"आलं, आलं... गेलं! धरून तसाच उभा राहा!"

बिचारा आजचा भाग ऐकणार फक्त.

आणि गाणं वाजतं. शब्द गुलजारांचे, चाल विशाल भारद्वाजांची. हिंदी निम्मी कळते, तरी अख्खी खोली गाते. 'चड्डी' आली की आवाज दुप्पट. मोठ्यांसमोर हा शब्द बोंबलून म्हणायची आठवड्यातली एवढीच मुभा. रस्त्यावर राहिलेली पोरं ही चाल ऐकूनच धूम ठोकतात. आपली मालिका चटकन ओळखू यावी म्हणून स्टुडिओ केवढा खटाटोप करतात. इथे ती खूण म्हणजे हे गाणं, कानांनी ओळखलं जाणारं, आणि ते घडवलं मुंबईत.

शेरखान गुरगुरतो. अंगावर काटा. दाराशी उभे असलेले आजोबा मात्र खुशीत. "आवाज ओळखलास? नाना पाटेकर. आपल्या मुरूडचा." मुरूड म्हणजे दिघीला लाँचमध्ये बसलं की खाडीपलीकडे. वाघ शेजारगावचा निघाला! आता भीती वाटते, पण घरच्या माणसाची वाटावी तशी.

जरा गंमत करा. हळूच सांगा, "हे कार्टून जपानी आहे. निप्पॉन ॲनिमेशन, टोकियोचं." बघा कसे हसतात. नावांची पाटी सरकू लागते तेव्हा ती वाचायला खोलीत असतं कोण? सगळी पोरं वाडीत पोचलेली. मोगलीची बाहुली बोर्लीच्या बाजारात मिळत नाही, त्याचं बूमरँगही नाही. म्हणून झावळीचा दांडा कोयत्याने तासायचा. माझ्या मते दुकानातल्या खेळण्याने एवढी भक्ती जमली नसती. हाताला फोड आले की मोगली आपला होतो.

फेका. जोर लावून! पोफळींच्या शेंड्यांवरून ते झोकात जातं, वळायचं मात्र विसरतं. खळ्ळ!

"कौल कोणी फोडलं रे?"

सगळे एका सुरात, "शेरखाननं!"

पळा. चपला राहू देत.