लुटुपुटीचे विमान आणि त्याचा संगणक

७ जुलै १९६२ च्या मध्यरात्री, बारा वाजून दहा मिनिटांनी, इटलीच्या आलितालिया कंपनीचे एक डीसी-८ विमान मुंबईस उतरण्याच्या बेताने खाली येत असता जुन्नर तालुक्यातील एका डोंगरावर आदळले. सिडनीहून निघून बँकॉकमार्गे ते येत होते. विमानात ९४ माणसे होती. त्यांतील एकही वाचले नाही. मुंबईचा विमानतळ तेथून सुमारे ८४ किलोमीटर दूर होता. नाणेघाट उतरला की मुरबाड तालुका लागतो. तेव्हा ही घटना आपल्या सीमेवरचीच म्हणावयास हरकत नाही.

चौकशीत कारण निघाले ते साधे होते. आपण मुंबईच्या अधिक जवळ आलो आहोत अशी वैमानिकाची समजूत झाली आणि त्याने वेळेआधीच उंची सोडली. आपली जागा पडताळून पाहण्याची साधने हाताशी होती, ती वापरली गेली नाहीत. आणि ह्या वाटेवरील मुलूख त्यास परिचित नव्हता, असेही चौकशीने नमूद केले. आषाढाचे दिवस, ढगांनी भरलेले घाटमाथे आणि अंधार. सह्याद्री काय चीज आहे हे आपल्या गुराख्याला ठाऊक असते, परंतु बँकॉकहून येणाऱ्या माणसास ते कोणी शिकवावे आणि कसे?

आमचा आजचा विषय ह्या प्रश्नापासून सुरू होतो. जमिनीवर बसून विमान चालविण्याची नक्कल करणारे यंत्र, म्हणजे सिम्युलेटर, आणि ते चालविण्यास कोणता संगणक निवडावा, ह्याची ही हकीकत आहे. कामगार संघटनेच्या माणसाने ह्यात का पडावे, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर पुढे येईल.

नकलेची ही कल्पना निघाली एका बाजाच्या कारखान्यात. अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यातील बिंगहॅमटन गावी एडविन लिंक नावाच्या तरुणाच्या वडिलांचा पियानो व ऑर्गन तयार करण्याचा कारखाना होता. ऑर्गनला हवा लागते, हवेला भाते लागतात. विमान शिकणे खर्चाचे म्हणून लिंकने त्याच भात्यांवर एक ठेंगणे लाकडी विमान बसविले. दांडा हलविला की भाते फुगत व बसत आणि विमान कलत असे. १९२९ साली ते पुरे झाले, पण शहाण्या लोकांनी ते जत्रेतील खेळण्यांत जमा केले. १९३४ साली अमेरिकी सरकारने हवाई टपालाचे काम एकाएकी लष्कराकडे सोपविले. लष्कराच्या वैमानिकांस ढगांतून, केवळ उपकरणांकडे पाहून उडण्याची सवय नव्हती. थोड्याच आठवड्यांत डझनभर वैमानिक प्राणांस मुकले. तेव्हा लष्कराने लिंकची सहा यंत्रे प्रत्येकी ३,५०० डॉलर देऊन घेतली. पुढे महायुद्धात अशा यंत्रांवर लाखो वैमानिक तयार झाले. माणसे मेल्याखेरीज सुरक्षिततेच्या साधनास पैसा सुटत नाही, हा आम्हां कारखान्यांतील लोकांचा अनुभव आकाशातही तसाच आहे.

भात्याची जागा संगणकाने घेतली ती हकीकत अधिक मनोरंजक आहे. १९४४ साली अमेरिकी नौदलाने मॅसॅच्युसेट्स येथील तंत्रसंस्थेकडे मागणी केली की, कोणत्याही विमानाची नक्कल करील असे एकच यंत्र करून द्या. हे काम जे फॉरेस्टर ह्या तरुण अभियंत्याकडे आले. त्याच्या ध्यानी आले की, वैमानिकाने दांडा हलविला आणि यंत्राने हिशेब करून दोन मिनिटांनी उत्तर दिले, तर ते उत्तर कवडीमोलाचे. तोवर विमान डोंगरात गेलेले असते. उत्तर त्याच क्षणी हवे. त्या काळच्या कोणत्याही गणकयंत्रास हे जमत नव्हते. म्हणून त्याने नवेच यंत्र उभारले. त्याचे नाव व्हर्लविंड, म्हणजे वावटळ. त्यात काचेच्या सुमारे पाच हजार नळ्या होत्या. गंमत अशी की, संगणकाच्या नादात विमानाची नक्कल मागे पडली आणि १९४८ साली तिचा नाद सोडलाही गेला! परंतु यंत्राची स्मृती वारंवार दगा देई, म्हणून फॉरेस्टरने बारीक चुंबकीय कड्या तारांत ओवून नवी स्मृती बनविली. ती १९५३ साली व्हर्लविंडला बसली. पुढे वीस वर्षे जगातील बहुतेक संगणक ह्या कड्यांवर चालले. मुंबईस टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आपल्या अभियंत्यांनी स्वतः उभारलेले आणि १९६० साली पूर्णपणे चालू झालेले यंत्रही कड्यांच्या स्मृतीचेच होते. १९६२ साली पंडित नेहरूंनी त्यास टिफ्रॅक हे नाव दिले. ज्या वर्षी ते विमान सह्याद्रीवर आदळले, त्याच वर्षी तेथून शंभरएक किलोमीटरांवर, कुलाब्यास, सिम्युलेटरच्या गरजेतून जन्मलेल्या स्मृतीचे हे यंत्र गणिते सोडवीत होते.

आता कामगारांची बाजू. ह्याच सुमारास देशात संगणकाविरुद्ध चळवळ उभी राहिली. कलकत्त्यास आयुर्विमा महामंडळाच्या कर्मचाऱ्यांनी कचेरीत संगणक येऊ नये म्हणून रात्रंदिवस पहारा दिला. आमच्या पिढीच्या कार्यकर्त्यांनी तो वारसा घेतला आणि आम्हीही सुरुवातीस संगणकास शत्रूच समजत होतो. ती भीती वेडगळ होती असे आम्ही आजही म्हणणार नाही. विमानाचेच पाहा: आरंभी चालककक्षात मार्ग शोधणारा नॅव्हिगेटर असे, यंत्राने मार्ग सांगण्यास सुरुवात केली आणि तो गेला. मग फ्लाइट इंजिनियर उरला. १९७१ साली एअर इंडियाकडे पहिले जम्बो आले तेव्हा त्यास आसन होते. १९९३ साली त्याच जातीचे नवे विमान आले त्यात दोन वैमानिकच. यंत्राने जीव वाचविले आणि नोकऱ्याही खाल्ल्या. ह्यातील एक गोष्ट सांगून दुसरी लपविणारा माणूस आम्हांस पटत नाही, मग तो मालकाचा असो वा आमचा.

घरगुती संगणकावर विमान आणले ब्रूस आर्टविक ह्या अमेरिकी अभियंत्याने. १९७५ साली त्याने विद्यापीठात ह्या विषयावर प्रबंध लिहिला आणि १९८० च्या सुमारास ॲपल संगणकावर त्याचे विमान उडाले. चार रेघांचा डोंगर आणि दोन रेघांची धावपट्टी, एवढाच संसार. १९८२ साली मायक्रोसॉफ्टने ते आयबीएमच्या संगणकासाठी बाजारात आणले. तेव्हा आयबीएमसारखेच, पण स्वस्त, असे संगणक पुष्कळ कंपन्या काढीत होत्या. त्यांतला खरा कोणता आणि तोतया कोणता हे ठरवावयाचे कसे? गिऱ्हाईक त्यावर हे विमान चालवून पाही. हा कार्यक्रम यंत्राच्या पार खोलात हात घाली. यंत्रात कोठे लबाडी असेल तर विमान उडतच नसे. म्हणजे विमानासाठी संगणक निवडण्याऐवजी विमानच संगणकाची निवड करू लागले. आपल्याकडे म्हशाच्या जत्रेत बैल घेणारा शेतकरी दात पाहतो, खूर पाहतो आणि शेवटी चालवून पाहतो, तसाच हा प्रकार.

ह्या विद्येशी आमची गाठ पडली २०१० साली. मुरबाडच्या औद्योगिक वसाहतीतील एक कारखाना बंद झाला. हिशेबासाठी झगडून कामगारांस काही रकमा मिळाल्या. त्यांतील एक ऑपरेटर आमच्याकडे आला आणि म्हणाला, "भाऊ, पोरगा म्हणतो कॉम्प्युटर पायजे, त्याच्यावर इमान शिकता येतं. घेऊ का?" मुलगा बारावीत, शाळेत हुशार. आम्हांस कोणी सल्ला विचारला की नाही म्हणणे जड जाते, हा आमचा जुना दोष. आम्ही चार मासिके वाचली आणि कल्याणच्या एका दुकानातून सुमारे चाळीस हजारांचा संगणक घेवविला. चित्रे उत्तम दिसावीत म्हणून निम्मा पैसा ग्राफिक्स कार्डात घातला आणि प्रोसेसर हलका घेतला. विमान उडेना! म्हणजे उडे, पण अडखळत. वळण घेतले की चित्र थिजून उभे राही.

ह्याचे कारण समजण्यास आम्हांस दोन महिने लागले. त्या वेळी प्रचलित असलेला हा कार्यक्रम २००६ सालचा. तो लिहिताना कर्त्यांची अपेक्षा अशी की, प्रोसेसरचा वेग वर्षानुवर्षे वाढतच जाईल. झाले उलटे. वेग वाढविला तर प्रोसेसर तापू लागले, म्हणून कंपन्यांनी एकाच्या जागी दोन-चार कोअर बसविण्यास सुरुवात केली. परंतु ह्या कार्यक्रमाचा मुख्य भार एकाच कोअरवर पडे. एक मजूर घाम गाळतो आहे आणि तिघे विडी ओढीत बसले आहेत, अशी ती स्थिती. महाग ग्राफिक्स कार्ड त्या एका मजुराच्या हातून माल येण्याची वाट पाहत रिकामे बसे. जोडीतला एक बैल कितीही ताजा असला तरी नांगर दुसऱ्याच्या चालीने चालतो. पैसा घालावयाचा तो मंद बैलावर, आणि आम्ही घातला तो ताज्यावर.

त्यात भर विजेची. त्या वर्षांत आमच्याकडे भारनियमन रोजचे होते. दुकानदाराने पॉवर सप्लाय स्वस्तातला घातला होता. वीज गेली, परत झटक्याने आली, आणि एके दिवशी तो जळाला. त्यात हार्डडिस्कही गेली. ग्राफिक्स कार्ड विकून त्या पैशांत बरा प्रोसेसर, चांगला पॉवर सप्लाय आणि यूपीएस घेतला, तेव्हा कोठे विमान नीट उडू लागले. ह्या उलाढालीत त्या कुटुंबाचे नऊ-दहा हजार रुपये बुडाले, आणि ते आमच्या सल्ल्याने बुडाले.

परंतु ह्याहून मोठी चूक निराळीच होती. बापाची समजूत अशी झाली होती की, घरी उडविलेले तास परवान्यासाठी मोजले जातात. ती समजूत आमच्याही लक्षात आली होती. पण त्याच्या चेहऱ्यावरचा आनंद पाहून आम्ही ती वेळीच खोडली नाही. वस्तुस्थिती अशी की, आपल्या देशात व्यावसायिक वैमानिकाच्या परवान्यास २०० तासांचे उड्डाण लागते. मान्यताप्राप्त सिम्युलेटरवरील थोडे तास हिशेबात येतात, घरच्या संगणकावरचा एकही नाही. २०० तासांचा खर्च लाखांत जातो. हे त्यास आम्ही पुढे सांगितले तेव्हा तो एवढेच म्हणाला, "आधी सांगायचं व्हतं भाऊ." मुलगा वैमानिक झाला नाही. आमच्या चुकांनी तो पुरा यंत्र खोलावयास शिकला, आणि आज शहापुरास संगणकदुरुस्ती करतो.

२०२० साली ह्याच कार्यक्रमाचा नवा अवतार निघाला. त्यात उपग्रहावरून घेतलेल्या चित्रांवरून सारी पृथ्वी रचलेली आहे. किमान गरज ८ जीबी रॅम आणि डिस्कवर १५० जीबी जागा. एवढा माल सेकंदास ५ मेगाबिट वेगाच्या जोडणीने उतरवावयाचा तर जवळजवळ तीन दिवस अखंड लागतात. कसाऱ्याकडच्या पाड्यावर अखंड हा शब्द कोणी काढू नये. २०२४ च्या आवृत्तीत डिस्कवरील जागा ५० जीबीवर आली, कारण डोंगर-नद्या लागतील तशा इंटरनेटवरून येतात. मात्र रॅम किमान १६ जीबी झाली. आमच्या मित्राचा क्रम आज असा: एकेका कोअरचा वेग आधी, मग ग्राफिक्स कार्ड, मग रॅम आणि एसएसडी, आणि पॉवर सप्लायमध्ये काटकसर कधीच नाही. सल्ला विचारण्यास येणाऱ्या मुलांस तो पहिल्याच दिवशी परवान्याची गोष्टही सांगतो.

२०२२ च्या जुलैत, त्या अपघातास साठ वर्षे झाली त्या आठवड्यात, आम्ही त्याच्या दुकानी गेलो आणि ती वाट दाखविण्यास सांगितले. त्याने रात्र केली, ढग घातले, आणि विमान पूर्वेकडून मुंबईच्या रोखाने घेतले. काचेबाहेर काळोखाखेरीज काही नव्हते. आम्ही म्हणालो, आता तीन हजार सहाशे फुटांपर्यंत खाली ये. त्या विमानाने डोंगरास स्पर्श केला ती उंची सुमारे तेवढी होती. त्याने मुंबईपासूनचे अंतर दाखविणारा आकडा पाहिला. ४५ नॉटिकल मैल उरले होते. "अजून नाय भाऊ," तो म्हणाला आणि उंची तशीच धरून राहिला. मग त्याने एक कळ दाबून दिवस केला. ढग काढले. खाली जुन्नरचे डोंगर होते, आणि पुढे कडा तुटून मुरबाडची खाचरे लागत होती.