रोजगार हमी योजना : परिणामांचे मूल्यमापन
महाराष्ट्राच्या रोजगार हमी योजनेमागे वि. स. पागे यांची कल्पना होती. १९७७ चा तिचा कायदा २६ जानेवारी १९७९ पासून अमलात आला. योजनेचे यश बहुधा हजेरीपटावरील मनुष्यदिवसांत सांगितले जाते. ही मोजणी सोयीची, पण अपुरी. काम निघालेच नसते तर मजुराने त्या दिवशी काय कमावले असते, हा खरा प्रश्न. गौरव दत्त व मार्टिन रॅव्हेलियन यांनी शिरापूर (जि. सोलापूर) आणि कान्झरा (जि. अकोला) या गावांच्या आकडेवारीवरून तो तपासला. कामावर आल्यामुळे बुडालेली कमाई मजुरीच्या सुमारे पाव भागाएवढी निघाली. म्हणजे रुपयातले बारा आणे खरोखर पदरात पडले. मजूर एरवी रिकामेच असतात, हे गृहीतकही त्यामुळे डळमळते.

दोन गावांवरून राज्याचा अंदाज बांधू नये, हा आक्षेप रास्त आहे. मात्र त्याने आकडा मर्यादित होतो, वजाबाकीची रीत चुकत नाही. दुसरा आक्षेप अधिक वजनदार: पाझर तलाव, बांधबंदिस्ती यांचा लाभ मजुरीच्या हिशेबात येतच नाही. तो धरावाच, पण पाझरलेले पाणी विहीर असलेल्याच्या शेतात जाते, खडी फोडणाऱ्या भूमिहीनाच्या नव्हे. दोन्ही लाभ एकाच बेरजेत घातले की हा फरक दिसेनासा होतो.